आई वृद्धाश्रमात, घर कोणाच्या नावावर?

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून दोन भाऊ धाराशिवला येतात, सोलापूरहून बहीण येते. वडील जाऊन चार वर्षे झालेली आणि आई गेल्या वैशाखात वृद्धाश्रमात गेलेली, त्यामुळे घराला सहा महिने कुलूप आहे. झाडलोट होते, चहा होतो आणि मग कोणीतरी विषय काढतो : आता या घराचे काय करायचे? थोरला म्हणतो, आश्रमाचे शुल्क मी भरतो. धाकटा म्हणतो, वरची खोली माझ्या पैशातून बांधली. बहीण गप्प बसते, कारण तिला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितले जाणार हे ती ओळखून असते. या बैठकीत आई मात्र नसते.

हे कोणा एका कुटुंबाचे वर्णन नव्हे. मराठवाड्यातील तालुक्याच्या कोणत्याही गावात थोडी चौकशी केली तर या चित्राचा एखादा तरी तुकडा ओळखीचा निघेल. ज्या जिल्ह्यातून शिकलेली मुले पुण्या-मुंबईकडे जातात आणि न शिकलेली ऊसतोडीला, तेथे म्हाताऱ्या माणसाची सोय हा आता घराबाहेरचा प्रश्न झाला आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातील साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. वृद्धाश्रम म्हटले की अजूनही लोक दबक्या आवाजात बोलतात. पण त्याची लाज वाटण्याचा काळ सरत चालला आहे आणि ते बरेच आहे. आश्रमात राहणे वाईट नव्हे. वाईट आहे ते पाठीमागे, कुलूपबंद घराच्या कागदांवर जे घडते ते.

मुळात एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. वृद्धाश्रमात गेल्याने घरावरील हक्क तसूभरही कमी होत नाही. मालक कोठे झोपतो यावर मालकी अवलंबून नसते. तरीही ‘आई आता तिकडेच राहणार’ या एका वाक्यातून ‘घर आता आपले’ हे दुसरे वाक्य आपसूक निघते आणि कुटुंबातले सगळे ते खरे धरून चालतात. मग भांडण होते ते मालकिणीशी नव्हे, तर वारसांमध्ये आपापसांत. आणि वारसा तर अजून उघडलेलाही नसतो!

या समजुतीतला गोंधळ दुहेरी आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचे असेल, तर हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. वरच्या उदाहरणात चार वारस आहेत. म्हणजे आईचा चौथा हिस्सा आणि तो संपूर्णपणे तिच्या मालकीचा. मुस्लिम कुटुंबात मुले असताना विधवेचा वाटा एक अष्टमांश. ‘वडिलांमागे घर आईचे’ ही एक चूक आणि ‘वडिलांमागे घर मुलग्यांचे’ ही दुसरी. घर आईने स्वतः घेतलेले असेल किंवा वडिलांनी मृत्युपत्राने तिला दिले असेल, तर मात्र तिच्या हयातीत मुलांना त्यात कसलाही वाटा नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर अशीच एक बाब आली होती. स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेल्या पतीचे पालकत्व पत्नीने मागितले होते, त्यांच्या उपचारासाठी मालमत्तेचे व्यवहार करता यावेत म्हणून. मुलाने आडकाठी केली. वडील जिवंत असताना त्यांच्या सदनिकांत मुलाला हक्क सांगता येत नाही, मग कुटुंब कोणत्याही धर्माचे असो, असे न्यायालयाने त्याला स्पष्ट सुनावले.

कायदा इतका उघड असताना वाद का होतात? याचे एक उत्तर या जिल्ह्याच्या मातीत आहे. आपल्याकडे शेताचा सातबारा निघतो, पण गावठाणातल्या घराला त्या तोलाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या नव्हताच. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा लोक मालकीचा पुरावा म्हणून जपून ठेवतात. प्रत्यक्षात ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद. तिथे नाव असले म्हणून कोणी मालक होत नाही आणि नसले म्हणून मालकी जात नाही. पण गावात चालते ते या उताऱ्यावर. गावात राहिलेला भाऊ अर्ज देतो, घरपट्टी भरल्याची पावती जोडतो, आणि आईच्या नावाच्या जागी त्याचे नाव येते. वरवर पाहता काहीच बिघडलेले नसते.

त्यात एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोनने गावठाणे मोजून घराघराला मिळकत पत्रिका आणि सनद देण्याचे हे काम आवश्यकच होते. कर्ज मिळण्यापासून भिंतीच्या भांडणापर्यंत त्याचा उपयोग आहे. परंतु मोजणी होते आणि चौकशी होते तेव्हा दारात कोण उभे असते, याला मोठे महत्त्व येते. शंभर वर्षे ज्या घराला कागद नव्हता, त्याला पहिल्यांदा कागद मिळण्याच्या दिवशी म्हातारी दूरच्या आश्रमात असेल, तर तिच्या वतीने ‘घर कोणाचे’ याचे उत्तर देणारा वेगळाच कोणी असतो. एकदा चुकलेली नोंद दुरुस्त करायला किती हेलपाटे पडतात, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला सांगायला नको.

लोहारा आणि उमरगा तालुक्यांत याला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावे जमीनदोस्त केली आणि नंतर पुनर्वसनात नव्या जागी नवी घरे मिळाली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची. तेव्हा तिशी-चाळिशीत असलेला लाभार्थी आज साठी-सत्तरीत आहे. मूळ खोल्यांना मुलांनी आपापल्या मिळकतीतून जोड दिली आहे. आता हे घर कोणते? सरकारकडून मिळाले म्हणून ते वडिलांचे स्वतःचे, असे एकाला म्हणता येते. पडलेला दगडी वाडा वडिलोपार्जित होता आणि हे घर त्याच्या बदल्यात आले, म्हणून जन्माने आमचाही हक्क, असे दुसऱ्याला. वडिलोपार्जित ठरले तर मुलीही बरोबरीच्या सहदायाद. महाराष्ट्राने हा हक्क अविवाहित मुलींना १९९४ मध्ये, केंद्राने सर्वच मुलींना सप्टेंबर २००५ पासून दिला आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निर्विवाद केले. भूकंपात जे नाते टिकले ते या चारशे चौरस फुटांपायी तुटावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. पण ती घडते.

खरे नुकसान मात्र नोंदीने होत नाही. ते होते बक्षीसपत्राने.

राज्य सरकारने २०१५ मध्ये मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना राहते घर अथवा शेतजमीन बक्षीस देण्यावरील मुद्रांक शुल्क अवघ्या २०० रुपयांवर आणले. कुटुंबातील हस्तांतर सोपे व्हावे, हा हेतू चांगला होता. पण त्यामुळे घर देऊन टाकणे ही फारच स्वस्त गोष्ट झाली. आश्रमात जाण्याच्या आदल्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात एक फेरी होते. ‘नंतर कटकट नको, आत्ताच नावावर करून टाक,’ असे मुलगा म्हणतो. आईला मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक कोणी सांगत नाही. फरक तर जमीन-अस्मानाचा आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते आणि तोवर कितीही वेळा बदलता येते; त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. बक्षीसपत्र त्याच दिवशी मालकी देऊन टाकते आणि साधारणपणे ते मागे घेता येत नाही. ज्याला शेवटचा शब्द आपल्या हाती ठेवायचा आहे त्याने मृत्युपत्र करावे. पण आग्रह होतो तो बक्षीसपत्राचा. कारण आग्रह धरणाऱ्याला आईचे मन बदलेल याची भीती असते. ती भीती म्हणजेच सारे काही सांगून जाते.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. हयातीतच सर्व काही मुलांना वाटून टाकणाऱ्या अप्पासाहेब बेलवलकरांसाठी मराठी प्रेक्षक हळहळला. अशा अप्पासाहेबांना दिलेले परत मागण्याची वाट कायद्याने काढून दिली ती त्यानंतर ३७ वर्षांनी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे आणि तो सर्व धर्मीयांना लागू आहे. त्याचे २३ वे कलम असे की, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानले जाईल आणि ज्येष्ठ नागरिकाच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकेल.

या वाक्यातील ‘अटीवर’ हा शब्द सर्वांत महाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी अट होती हे दाखवता आले पाहिजे. आई-वडील मुलांना मालमत्ता देतात तेव्हा सांभाळाची अपेक्षा प्रत्येक वेळी अट म्हणून घातलेली असतेच असे नाही. अट सिद्ध झाली नाही म्हणून आईचा दावा टिकला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेच्या बाबतीत न्यायालयाने निराळा सूर लावला. तेथे बक्षीसपत्र झाले त्याच दिवशी सांभाळाचे वचनपत्रही लिहून दिले गेले होते. कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करण्याचा निर्णय कायम केला आणि अशा प्रकरणात ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, असे स्पष्ट केले. दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारी निष्कर्ष एकच निघतो : कागदावर एक वाक्य हवे. ‘माझ्या निवासाची, जेवणाची व औषधोपचाराची तजवीज करण्याच्या अटीवर’ एवढे शब्द बक्षीसपत्रात असले तर पुढची वाट खुली राहते. ते नसले तर वर्षानुवर्षे पुरावे गोळा करावे लागतात. नोंदणी कार्यालयांच्या बाहेर बसणाऱ्या दस्तलेखकांच्या नमुन्यात ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ हे शब्द हमखास असतात, अट क्वचितच.

आणखी दोन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतील. हे कलम कायदा लागू होण्यापूर्वीच्या हस्तांतरांना मदत करीत नाही. म्हणजे २००५ साली घर देऊन बसलेल्या बापाला निर्वाहखर्च मागता येईल, पण या कलमाखाली घर परत मागता येणार नाही. दुसरे असे की, वारसांत घराची वाटणी करणे, मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवणे, ही कामे या न्यायाधिकरणाची नव्हेत. त्यासाठी दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. सुनेचा प्रश्नही नाजूक आहे. सासू-सासऱ्यांच्या अर्जाआडून सुनेला राहत्या घरातून काढण्याचा डाव टाकला जाऊ शकतो, याची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला दिलेले निवासाचे संरक्षण या कायद्याने आपोआप पुसले जात नाही, असे बजावले. हा समतोल योग्यच होय. म्हातारी आणि सून या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करून घर मात्र तिसऱ्यालाच मिळावे, असे होता कामा नये.

घर सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या आई-बापांना सर्वांत उपयोगी पडेल असा निकाल सप्टेंबर २०२५ चा, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईत दोन खोल्या घेतलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ पत्नीसह उत्तर प्रदेशातील गावी राहायला गेले. मागे थोरल्या मुलाने खोल्यांचा ताबा घेतला आणि आई-वडिलांना तेथे राहू देईना. न्यायाधिकरणाने मुलाला घर रिकामे करण्यास आणि दरमहा ३,००० रुपये देण्यास सांगितले. मुलगाही साठी ओलांडलेला, म्हणजे स्वतः ज्येष्ठ नागरिक, या कारणावरून उच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अर्जाच्या दिवशीचे वय पाहायचे असे सांगून तो पुन्हा कायम केला. येथे बक्षीसपत्र नव्हते, अट नव्हती. मालक घरात राहत नव्हता इतकेच. त्याने त्याचा हक्क गेला नाही.

भावंडांच्या भांडणात सर्वाधिक ऐकू येणारा युक्तिवाद शुल्काचा असतो. ‘आश्रमाचे पैसे मी देतो, म्हणून घर माझे.’ कायद्यात याला आधार नाही. आई-बापांचा निर्वाह ही मुलगा आणि मुलगी दोघांचीही जबाबदारी आहे. ती पार पाडणे म्हणजे घराचे हप्ते फेडणे नव्हे. एका ठिकाणी मात्र कायद्याने वारसा आणि सांभाळ यांचे गणित थेट जोडले आहे. ज्या वृद्धाला मूल नाही, त्याची मालमत्ता ज्यांना मिळणार अशा नातेवाइकांनी ज्या प्रमाणात ती मिळेल त्या प्रमाणात निर्वाहखर्च द्यायचा आहे. पुतण्या घरावर डोळा ठेवून असेल तर त्याने आजच खर्चात वाटा उचलावा, असा त्याचा रोखठोक अर्थ. मुलांच्या बाबतीतही असा हिशेब लेखी असता तर किती भांडणे टळली असती! अर्थात शुल्क भरणाऱ्याची कुचंबणाही समजून घ्यायला हवी. दहा वर्षे एकाने पैसे भरावेत, एकीने रुग्णालयाच्या रात्री जागाव्यात आणि शेवटी चौघांनी सारखे वाटे घ्यावेत, हे कायदेशीर असले तरी न्याय्य वाटत नाही. त्यावर उपाय आईच्या हातात आहे, आणि तो मृत्युपत्राचा आहे. मुलांनी परस्पर केलेल्या वाटणीचा नाही.

न्यायाधिकरण म्हणजे कोणी दूरचे न्यायालय नव्हे. उपविभागीय अधिकारी, ज्यांना आपण प्रांत म्हणतो, तेच त्याचे प्रमुख. अर्जदार जेथे राहतो किंवा पूर्वी राहत होता, अथवा मुले जेथे राहतात, त्यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. म्हणजे सोलापूरच्या आश्रमातील तुळजापूरच्या आजींनी धाराशिवलाच यायला हवे असे नाही. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेबरोबर २०२४ मध्ये व्यपगत झाले. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम, असेही कायदा सांगतो. पण सरकार तो स्थापन ‘करू शकेल’ अशी त्याची भाषा आहे, आणि या दोन शब्दांच्या आड बरेच काही लपते.

फारसे कोणाच्या ध्यानात न आलेले एक उपकलम मात्र येथे मुद्दाम सांगायला हवे. ज्येष्ठ नागरिक स्वतः हक्क बजावण्यास असमर्थ असेल, तर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था त्याच्या वतीने २३ व्या कलमाखाली कारवाई करू शकते. बहुतेक वृद्धाश्रम अशाच संस्था चालवतात. म्हणजे ज्यांच्याकडे आई राहते, तेच तिच्या घरासाठी उभे राहू शकतात. प्रत्यक्षात संस्थाचालक या भानगडीत पडायला कचरतात. शुल्क मुलगा भरतो. त्याच्याविरुद्ध अर्ज करून कोण स्वतःची पंचाईत करून घेईल? ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच केवळ संस्थांच्या सद्भावनेवर विसंबणे पुरेसे नाही.

शेजारच्या लातूरने, जो १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता, एक निराळा प्रयोग केला. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कापून ती रक्कम थेट आई-वडिलांच्या खात्यात जमा करण्याचा ठराव लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस केला. बारा तक्रारी आल्या आणि सात जणांच्या वेतनातून कपात सुरू झाली, असे पुढच्या जानेवारीत सांगण्यात आले. त्यांत काही शिक्षक होते. या प्रयोगाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्याची धाव पगारपत्रकापर्यंतच. ज्याचा पगार सरकारच्या हाती नाही, जो पुण्यात कंपनीत आहे किंवा गावात शेती करतो, त्याला ही कात्री लागत नाही; आणि तीस टक्के कापून घेतलेला मुलगा उद्या घराच्या उताऱ्यावर नाव चढवायला मोकळाच राहतो.

म्हणून लक्ष द्यायला हवे ते कागद बदलण्याच्या क्षणाकडे. फेरफाराची नोंद घेताना तलाठ्याने, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चावडीवर नोटीस लावायची आणि संबंधितांना लेखी कळवायचे, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे, असा महसूल कायद्याचा दंडक आहे. नोटीस चावडीवर लागते, पत्र गावातल्या पत्त्यावर जाते. ज्या दारात ते पडते त्या दाराला कुलूप असते, किंवा ज्याने अर्ज केला तोच दार उघडतो. आई अडीचशे किलोमीटरवर असते आणि पंधरा दिवस तिच्या नकळत निघून जातात. साठीपुढच्या हितसंबंधिताचा सध्याचा राहण्याचा पत्ता अर्जदाराने प्रतिज्ञापत्रावर द्यावा आणि नोटीस तेथेच बजावली जावी, एवढा एक आदेश निघाला तर बराच फरक पडेल. दुय्यम निबंधकाने अशक्त व्यक्तीच्या निवासस्थानी जाऊन दस्त नोंदवण्याची सोय नोंदणी कायद्यात पूर्वीपासून आहे. घर देऊन टाकण्यासाठी अधिकारी आश्रमात पोचू शकतो. घर राखण्यासाठीही कोणी पोचायला हरकत नसावी. न्यायाधिकरणाला संक्षिप्त पद्धतीने, स्वतःला योग्य वाटेल त्या रीतीने चौकशी करण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. तेव्हा प्रांतांनी महिन्यातून एक सुनावणी वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात घेतली, तर ती अवैध ठरणार नाही. आणि निदान त्या बैठकीत तरी आई हजर असेल.